पायऱ्यांकडे बघायचं नाही

मी कोथरूडमध्ये जर्मनच्या शिकवण्या घेते. माझे बहुतेक विद्यार्थी तिकडे शिकायला किंवा नोकरीला निघालेले असतात. त्यांना जर्मन भाषा नको असते, व्हिसा हवा असतो. त्यामुळे व्याकरण, परीक्षा, पेढे आणि पुढची बॅच असं माझं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. अशात एका डिसेंबरात आमच्याच सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या एका जर्मन बाईंनी मला लिफ्टपाशी गाठलं. त्या चाकणच्या एका कारखान्यात इंजिनियर होत्या आणि त्यांचे वडील हिवाळ्यापुरते त्यांच्याकडे राहायला आले होते.

"मी दिवसभर बाहेर असते," त्या म्हणाल्या. "दुपारी तुम्ही थोडा वेळ त्यांच्याशी बोलाल का? नुसतं बोलायचं. कंटाळले की ते घरातलं सामान हलवतात. काल घरी आले तर फ्रीज हॉलच्या मधोमध."

"मधोमध कशाला?"

"तिथे त्याच्यावर उजेड चांगला पडतो म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी गेले. दार म्हाताऱ्यांनीच उघडलं. उंच, सडपातळ, पांढरे केस मागे वळवलेले, आणि घरातल्या घरात गळ्यात लाल रेशमी रुमाल. मी नमस्कार करून खुर्चीकडे निघाले, तर ते म्हणाले, "तुम्ही आत आलात ते मला दिसलंच नाही. पुन्हा या."

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असं कोणी सांगितलं तर तिला राग यायला हवा. मी मात्र खरोखर बाहेर गेले, दार लावून घेतलं आणि पुन्हा बेल वाजवली. या वेळी मान जरा वर ठेवली. ते एक पाऊल मागे सरले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "आता बसा." घरी परतताना मी जिन्यात एकटीच हसत होते. समोरून येणाऱ्या शेजारणीने विचारलं, "काय झालं?" मी मान तशीच वर ठेवून पुढे गेले.

ते आयुष्यभर नाटकं आणि रेव्ह्यू बसवत आले होते. रेव्ह्यू म्हणजे काय, हे पुढे मला सगळ्या सोसायटीला समजावून सांगावं लागलं. त्यात गोष्ट नसते. गाणं, नाच, कसरती, जादू, नकला असं एकामागून एक येत राहतं आणि शेवटी झगमगत्या जिन्यावरून सगळे कलाकार खाली उतरतात. एवढंच. पण त्यांनी सांगायला घेतलं की ते एवढंच राहत नसे.

घरात बसून बोलणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून आम्ही टेकडीवर फिरायला जाऊ लागलो. चढावर मला धाप लागायची आणि ते सांगत सुटायचे. त्यांची आई एका लहान गावातल्या थिएटरात नटांसाठी केसांचे टोप बनवायची. हे त्या टोपांच्या खोलीतच वाढले. मोठे झाल्यावर दिग्दर्शकाचे मदतनीस झाले आणि शेवटी एकदा स्वतंत्रपणे एक शोकांतिका बसवायला मिळाली.

"फार गंभीर नाटक," ते म्हणाले. "सगळ्यांना काळे कपडे. मीसुद्धा काळेच घालायचो. राजाचं सिंहासन चाकांवर होतं. आणि आमच्या रंगमंचाला प्रेक्षकांच्या बाजूला किंचित उतार होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

पहिल्या प्रयोगात राजा मरायला लागला आणि सिंहासन हळूहळू पुढे सरकू लागलं. राजा अनुभवी नट. तो मरायचा थांबला नाही. मरत मरत तो रंगमंचाच्या कडेला आला, तशी पहिल्या रांगेतल्या एका जाडजूड बाईंनी शांतपणे पाय वर करून सिंहासन अडवलं. राजाने त्यांच्याकडे पाहून मान तुकवली आणि मग प्राण सोडला.

"थिएटर हसून कोसळायचं बाकी होतं," ते म्हणाले. "व्यवस्थापक मला म्हणाले की तुम्ही आमचं नाक कापलंत. मी विंगेत उभा होतो आणि माझ्या गुडघ्यांना गुदगुल्या होत होत्या. मला वाटलं, हे मला रोज हवंय."

ते नोकरी सोडून एका बंदराच्या शहरातल्या, गाण्या-नाचांचे कार्यक्रम करणाऱ्या व्हरायटी थिएटरात गेले. तिथे पहिलं काम मिळालं बदकांचं. वाद्यवृंदाच्या ठरावीक सुरावर बदकांना रंगमंचावर आणायचं. "नटांपेक्षा बरी," ते म्हणाले. "आपण आत का येतोय, असं बदक कधी विचारत नाही." बदकांनंतर कसरतपटू आले, मग नर्तिका, मग राजधानीतलं एक अवाढव्य थिएटर, जिथे रंगमंचाची जमीन खाली जायची आणि खालून पाण्याने भरलेला तलाव वर यायचा. त्यांनी पुष्कळ वर्षं गाजवली. मग लोक यायचे कमी झाले. ते थिएटर बंद पडलं आणि तिथे फर्निचरचं दुकान आलं. नंतर त्यांनी पर्यटकांच्या जहाजांवर कार्यक्रम बसवले, जिथे वादळात चेंडू झेलणाऱ्याचे चेंडू भलतीकडे जायचे. शेवटचं काम साबण बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्नेहसंमेलनाचं. त्यात कपडे धुण्याची यंत्रं नाचवायची होती.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. पण यंत्रं चांगली नाचली." थोडं चालून ते म्हणाले, "ते फर्निचरचं दुकान बघायलाही गेलो होतो. एक दिवा घेतला. जिथे माझा जिना होता, तिथे गाद्या मांडल्यात."

त्याच महिन्यात माझ्या भाचीचं लग्न होतं, मांजरी गावाजवळच्या एका लॉनवर. म्हाताऱ्यांना एकटं कुठे सोडायचं, म्हणून त्यांनाही घेतलं. जाताना गाडीत मी आधीच माफी मागून ठेवली. म्हटलं, हल्ली आमच्याकडे लग्नात फार भपका असतो, कान किटतात, तुम्हाला ते जरा उथळ वाटेल.

"उगाच," गाडी चालवता चालवता आमचे हे म्हणाले. म्हाताऱ्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. तो त्यांना इतका आवडला की लॉन येईपर्यंत ते वेगवेगळ्या आवाजांत "उगाच, उगाच" म्हणत राहिले.

मग नवरी आली. आधी दिवे गेले. जमिनीवरून धूर पसरला, दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडाली आणि माणसापेक्षा उंच असं गुलाबी कमळ गोल गोल फिरत पाकळ्या उघडू लागलं. आत माझी भाची, हात जोडून उभी. वरून फुलं पडत होती. मी नेहमीप्रमाणे नाक मुरडणार होते, तेवढ्यात शेजारी बघितलं तर म्हातारे खुर्चीवर चढून उभे होते.

"पडतील ते," हे म्हणाले. "आणि मग जर्मनीला आपणच कळवायचं."

ते पडले नाहीत. उतरून सरळ स्टेजच्या मागे गेले. मी साडी सावरत त्यांच्यामागे धावले. तिथे डेकोरेशनवाले उभे होते, त्याच भागातले, पिढीजात मांडववाले. म्हाताऱ्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बोलायला सुरुवात केली.

"बाबा काय म्हणत्यात?" डेकोरेशनवाल्यांनी मला विचारलं. "कमळ आवडलं व्हय?"

"आणखी काय काय आहे विचारतायत."

डेकोरेशनवाल्यांनी मोबाइल काढला. त्यात पिसारा उघडणारा मोर होता, फिरतं स्टेज होतं, वरून खाली येणारा झोपाळा होता आणि दोन्ही कडांना दिवे लावलेला रुंद पांढरा जिना होता. जिन्याच्या फोटोवर म्हातारे थबकले. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "तिकडे हे सगळं संपलं म्हणून मी इतकी वर्षं हळहळत होतो. ते इकडे राहायला आलंय हे मला कोणी कळवलंच नाही."

मी ते वाक्य मराठीत सांगितलं. डेकोरेशनवाले म्हणाले, "आता त्यांना जेवू घालूनच पाठवा."

जानेवारीत आमच्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव होता. त्याच्या बैठकीत सत्यनारायण, सत्कार आणि भाषणं इथवर ठरलं होतं. मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले आणि म्हणाले की जर्मन आजोबा एक कार्यक्रम बसवून देतील. मी बैठकीत बोललेलं त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं.

आमचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खडकवासल्याच्या पाण्यावर आयुष्य काढलेला माणूस, शब्दही मोजून सोडायचे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कथा काय आहे?"

"कथा नसते त्यात."

"सुरुवात, शेवट?"

"शेवटी सगळे जिन्यावरून उतरतात."

"म्हणजे लिफ्ट बंद असते तेव्हाचं," सेक्रेटरी म्हणाले. "बसवू द्या."

निवड क्लब हाउसमध्ये झाली. म्हातारे प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत आणि मी तो मराठीत करून सांगे: तुमच्या घरचे ज्याला कंटाळलेत, असं तुम्हाला काय येतं? आधी सगळ्यांनी दुसऱ्यांचीच नावं पुढे केली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाई म्हणाल्या की त्या शीळ घालतात. सुनेला आवडत नाही म्हणून फक्त गच्चीवर घालतात. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि त्या खोलीत असा लांब, गोड, वळणं घेणारा सूर फिरू लागला की आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग दातांचे डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी हनुवटीवर उघडी छत्री तोलून धरली. त्यांच्या बायकोने हताशपणे डोळे मिटून घेतले.

सेक्रेटरी भाग घ्यायला आलेच नव्हते. ते दारात उभं राहून सूचना वाचू लागले. "क्लब हाउसमधून जाताना पंखे बंद करावेत. पंख्यांना आपली आठवण येत नाही." त्यांचा चेहरा सिमेंटसारखा. म्हाताऱ्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, तरी ते भिंतीला टेकून हसत होते, आवाज न करता, पोट धरून. "हे गृहस्थ," ते मला म्हणाले, "दर दोन कार्यक्रमांच्या मध्ये येऊन सूचना वाचतील. आणि ते विनोदी आहेत हे त्यांना कृपा करून सांगू नका."

मी सेक्रेटरींना सांगितलं की कार्यक्रमात शिस्त राहावी म्हणून त्यांनी अधूनमधून सूचना द्यायच्या आहेत. ते म्हणाले, "कोणीतरी हवंच."

जिना सोसायटीच्या मैदानात आला तो डेकोरेशनवाल्यांच्या टेम्पोतून, कमळासकट. सकाळच्या योगवर्गातल्या आम्ही बायका त्यावरून नऊवारीत उतरणार होतो. मी खरं तर फक्त दुभाषी होते, पण एक बाई कमी पडली. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या पायांकडे बघत, एकमेकींना धरत, गाळात उतरावं तशा उतरलो. म्हातारे खाली उभे होते.

"पायऱ्यांकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "त्या जागच्या हलत नाहीत. शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे बघा. त्याचा दिवस वाईट गेलाय आणि तुम्ही त्याला काहीतरी चांगलं सांगायला निघालाय."

त्या दिवसापासून आम्ही रोज उतरायचो. टाच आधी मागच्या पायरीला टेकवायची, मग पाऊल. मान वर. हळूहळू एक वेळ अशी आली की खाली काय आहे याचा विसर पडला. पोटात झोपाळ्यावरच्यासारखं होऊ लागलं. बाजारात, बसमधून उतरताना, शिकवणीला जाताना मी तशीच उतरू लागले. एका विद्यार्थ्याने घाबरत विचारलं, "मॅडम, मान दुखतीये का?"

म्हाताऱ्यांची मुलगी मात्र तालमीला येत नसे. तिचं लहानपण थिएटरातल्या कपड्यांच्या पेट्यांवर झोपून गेलं होतं. "मला नटबोल्ट आवडतात," ती मला म्हणाली. "ते ठरल्या जागी थांबतात." कार्यक्रमाला ती आली ती रेशमी साडी नेसून, मीच नेसवून दिलेली, आणि मागच्या रांगेत बसली.

त्या संध्याकाळी निवेदन करणार होते ते एक प्राध्यापक. ते मुंबईहून येताना द्रुतगती मार्गावर अडकले. पडदा उघडायची वेळ झाली तरी त्यांचा फोन घाटातूनच येत होता. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला सगळं पाठ आहे. माझं प्रत्येक वाक्य तुम्हीच तर मराठीत बोललात."

मग मी जिन्याच्या वरच्या टोकावर उभी होते. दिवे लागले आणि समोर नुसता अंधार आणि माणसांचा आवाज. मी शेवटच्या रांगेतला माणूस शोधला. दिसला नाही, तरी त्याच्याकडे बघत उतरू लागले. एक पायरी, मग दुसरी, आणि मग मला जाणवलं की मी हसतेय, सगळे दात दाखवून, आणि पाय आपोआप पडतायत. खाली पोचल्यावर मला पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरावंसं वाटलं. मी माइक हातात घेतला आणि पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "नमस्कार. या कार्यक्रमाला कथा नाही. ज्यांना कथा हवी असेल त्यांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीला यावं."

लोक हसले. तो आवाज माझ्या अंगावर आला, ऊन आल्यासारखा. पुढचं मला तुकड्यांत आठवतं. छत्री डॉक्टरांच्या हनुवटीवरून त्यांच्या नाकावर गेली आणि तिथे जास्त चांगली राहिली. सेक्रेटरी आले, कागद उलगडला आणि म्हणाले, "लिफ्टमध्ये आपली मतं मांडू नयेत. लिफ्ट बंद पडल्यास इतरांना ती ऐकत बसावी लागतात." एवढा मोठा हशा उठला की ते थांबले. त्यांनी कागद खाली केला. मी बाजूला उभी होते. हा माणूस आता निघून जाणार आणि यातलं पाप माझ्या माथी येणार. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि लोकांकडे बघत म्हणाले, "हसण्यासाठी स्वतंत्र वेळ दिलेली नाही."

त्यानंतर ते कागदाकडे बघेचनात. त्यांच्याजवळ वर्षानुवर्षांच्या न लावलेल्या सूचना साठलेल्या होत्या. मिक्सर, झाडांच्या कुंड्या, सकाळची भजनं, सगळ्यांचा समाचार घेऊन झाला. मला त्यांना स्टेजवरून जवळजवळ ओढून आणावं लागलं.

मग कमळ. गणिताच्या बाई आत होत्या. ठरल्याप्रमाणे ते फिरलं, धूर आला आणि पाकळ्या उघडायच्या जागी कर्रर्र आवाज करून सगळंच थांबलं. आतून बाईंनी शीळ सुरू केली होती. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, त्या शीळ घालत राहिल्या. मिटलेल्या कमळातून तो सूर येत होता आणि मैदानात इतकी शांतता झाली की रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली. डेकोरेशनवाले खाली वाकून बघत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून म्हाताऱ्यांची मुलगी उठली, पदर खोचला, चालत आली आणि सरळ कमळाच्या खाली शिरली. तिचे नुसते पाय बाहेर दिसत होते.

म्हाताऱ्यांनी मला खूण केली, थांबा. आम्ही थांबलो. गाणं संपता संपता पाकळ्या थरथरल्या आणि एकेक करून उघडल्या. मधोमध गणिताच्या बाई डोळे मिटून शेवटचा सूर लावत होत्या आणि त्यांच्या पायाशी, धुरातून, कपाळाला ग्रीस लागलेली एक जर्मन इंजिनियर हातात पाना घेऊन उभी राहत होती. टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. तिला कळेना काय करावं. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी हाताने दाखवलं तशी ती वाकली, पाना छातीशी धरून. शेवटी आम्ही सगळ्या नऊवारीत जिन्यावरून उतरलो आणि एकीनेही पायऱ्यांकडे बघितलं नाही.

नंतर ते तिला म्हणाले, "उठायला जरा उशीर केलास."

"तुमच्या मोटरचा पट्टा सुटला होता," ती म्हणाली आणि हसत त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. कपाळावरचं ग्रीस त्यांच्या लाल रुमालाला लागलं. त्यांनी तो धुतला नाही.

घरी जाताना मी ह्यांना विचारलं, "कसं झालं?"

"बरं झालं," हे म्हणाले. आमच्या घरात याच्या वर काही मिळत नाही. जिन्यापाशी येऊन मात्र ते थांबले आणि म्हणाले, "आता वर चढताना पायऱ्यांकडे बघ. नाहीतर उद्या मला चहा करावा लागेल."

म्हातारे उन्हाळा लागताना परत गेले आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आले. आता दर वर्षी येतात. डेकोरेशनवाल्यांनी त्यांना सोडलंच नाही. कुठल्या लग्नात काही अवघड असलं की माझ्या मोबाइलवर निरोप येतो, "बाबांना घिऊन या." मोबदल्यात जेवण. मसालेभात आणि जिलेबीवर ते कितीही लांब येतात.

मागच्या वेळी मांजरी गावातलीच एक मुलगी होती, हिंजवडीत नोकरी करणारी. तिला मोर नको होता, कमळ नको होतं. वडिलांच्या ट्रॅक्टरवरून, तोही स्वतः चालवत, तिला मांडवात यायचं होतं आणि घरात कोणाला ते पटत नव्हतं. तिचे वडील म्हाताऱ्यांना म्हणाले, "तुमीच सांगा तिला, बरं दिसतंय का हे?"

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. म्हाताऱ्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. हात लावून पाहिला. मग मला म्हणाले, "यांना सांगा, मी तलाव वर आणलाय, यंत्रं नाचवली आहेत. असं काही मला आयुष्यात कोणी दिलं नाही. फक्त मागे ट्रॉली लावा. आणि ट्रॉलीत बँड."

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि ट्रॉली आणायला माणूस पाठवला. बँडवाले चढले. ट्रॉलीत कसं उभं राहायचं ते दाखवायला म्हातारे चढले आणि मग उतरेनात. मराठीत कोणीतरी सांगायला हवं म्हणून मीही चढले. नवरीने शालू गुडघ्यापर्यंत वर घेतला, क्लच दाबला आणि आम्ही उसाच्या कडेकडेने निघालो. ढोल इतका जवळ होता की माझ्या बांगड्या त्याच्या तालावर वाजत होत्या. खड्डा आला की सनईवाला एक सूर वरचा लावायचा. लॉनच्या कमानीपाशी सगळं वऱ्हाड मोबाइल वर धरून उभं होतं, नवरदेव पुढे धावत येत होता आणि म्हातारे एका हाताने माझा दंड धरून, दुसऱ्या हाताने नवरीला खुणावत होते, अजून जोरात, अजून जोरात.